ठाणे ते डब्लिन: क्लॅरिनेट महोत्सवात वाजवायचं तर काय काय करावं लागतं

इंटरनॅशनल क्लॅरिनेट असोसिएशनचा ‘क्लॅरिनेटफेस्ट’ दरवर्षी भरतो आणि दरवर्षी गाव बदलतो. २०१८ मध्ये बेल्जियममधलं ऑस्टेंड, २०२२ मध्ये अमेरिकेतलं रीनो, २०२३ मध्ये डेन्व्हर. २०२४ मध्ये ३१ जुलै ते ४ ऑगस्ट या दिवसांत तो डब्लिनला होता आणि तिथल्या एका स्पर्धेसाठी मी ठाण्याहून गेले. वादनाची तयारी कशी करायची हे ज्याचे त्याचे शिक्षक सांगतीलच. आपल्याकडून जाणाऱ्याचं घोडं अडतं ते भलत्याच ठिकाणी: रेकॉर्डिंगमध्ये आलेली पंख्याची घरघर, बँकेच्या स्टेटमेंटवर नसलेला शिक्का, पावसाळ्यात फुगलेलं लाकूड. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहिते.

अर्ज (नोव्हेंबर ते जानेवारी)

सुरुवातीलाच एक गोष्ट वेगळी करून ठेवा. संस्थेचं सभासदत्व, स्पर्धेचं प्रवेश शुल्क आणि महोत्सवाची नोंदणी ही तीन वेगळी खाती आहेत. निवड झालेल्या स्पर्धकाला महोत्सवाच्या नोंदणीत सवलत आहे का, साथीच्या पियानोवादकाचे पैसे कोण देणार, प्रवासखर्च कुणाचा, हे नियमावलीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. प्रवास आणि राहणं सहसा स्वतःच्याच खिशातून, असं धरूनच चाला. वयाची अट ‘अमुक तारखेला इतकी वर्षं पूर्ण नसावीत’ अशा भाषेत असते. वर्ष पाहून थांबू नका, तारीख पाहा.

पैसे भरताना पहिला अडथळा कार्डाचा. आपल्या डेबिट आणि क्रेडिट कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात, ते बँकेच्या ॲपमध्ये जाऊन स्वतः सुरू करावे लागतात. मुदतीच्या शेवटच्या रात्री हे कळलं तर फार धावपळ होते, त्यामुळे सभासदत्वाची छोटी रक्कम आधी भरून कार्ड चालतंय याची खात्री करून घ्या.

दुसरा अडथळा नावाचा. आपल्या पासपोर्टवर बहुतेकदा ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. स्पर्धेच्या अर्जात तेच, त्याच क्रमाने लिहा. पुढे आयोजक जे निमंत्रणपत्र देतात त्यात अर्जातलंच नाव उतरतं, आणि व्हिसाच्या वेळी ते पत्र पासपोर्टशी ताडून पाहिलं जातं. पासपोर्टच नसेल तर तो आधी काढा. ठाण्याचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटला आहे. ३६ पानी पासपोर्टला १,५०० रुपये लागतात, तत्काळ हवा असेल तर वर २,००० रुपये. पोलीस पडताळणीला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं.

कृती निवडताना यादीतली साथीशिवाय वाजवायची कृती आधी पाहा, कारण तिला पियानोवादक लागत नाही आणि रेकॉर्डिंग सोपं जातं. संगीतकार स्ट्राव्हिन्स्कीचे एकट्या क्लॅरिनेटसाठीचे ‘थ्री पीसेस’ अशा याद्यांत वारंवार असतात. ते त्याने वेर्नर राइनहार्ट या स्विस आश्रयदात्याला अर्पण केले, आणि राइनहार्ट स्वतः हौशी क्लॅरिनेटवादक होता. श्वासाच्या खुणा, आघात आणि लय जशी दिली आहे तशीच काटेकोर पाळावी, अशी सूचना स्वरलिपीतच आहे. पहिल्या तुकड्याची लय मिनिटाला ५२ ठोके, सगळं हळू आणि खालच्या सप्तकात. दुसऱ्याला मात्राविभागाच्या उभ्या रेघाच नाहीत. तिसरा पहिल्यापासून शेवटपर्यंत जोरात. परीक्षकांना हे सगळं पाठ असतं. पहिला तुकडा भावपूर्ण व्हावा म्हणून कुणी ४४ वर ओढला, तर ते त्यांना पहिल्याच ओळीत कळतं.

यात खरी अडचण वाद्याची आहे. पहिले दोन तुकडे ‘ए’ क्लॅरिनेटवर (नेहमीच्या बी-फ्लॅटपेक्षा जरा लांब, अर्धस्वर खाली वाजणाऱ्या) वाजवावेत अशी संगीतकाराची पसंती आहे. मोझार्टचा १७९१ सालचा के. ६२२ कॉन्चेर्तोही (ऑर्केस्ट्रासोबत वाजवायची रचना) ‘ए’ क्लॅरिनेटसाठीच आहे. आपल्याकडे बी-फ्लॅट मिळतं, ‘ए’ फार थोड्यांकडे असतं. मुंबईत ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या कुणाकडून काही महिन्यांसाठी उसनं मिळालं तर उत्तम, पण ते जानेवारीतच मागा. उसन्या वाद्याचा माऊथपीस (तोंडात धरायचा भाग) वापरू नका. आपला माऊथपीस आणि आपली रीड (माऊथपीसवर बसणारी, फुंकरीने थरथरणारी वेताची पट्टी) त्यावर लावून सूर कुठे बसतो ते पाहायला वेळ लागतो.

स्वरलिपीचंही आताच पाहून ठेवा. स्पर्धेच्या ठिकाणी झेरॉक्स चालत नाही, छापील मूळ प्रत लागते, आणि परीक्षकांसाठीही प्रती मागतात. भारतात संगीतकाराच्या निधनानंतर ६० वर्षांनी हक्क संपतात, युरोपात ७० वर्षांनी. त्यामुळे इथे मोफत उतरवून घेता येणारी एखादी प्रत तिथे बेकायदा असू शकते. फ्रेंच संगीतकार पूलांक १९६३ मध्ये गेला, म्हणजे युरोपात त्याच्या क्लॅरिनेट सोनाटावर अजून बरीच वर्षं हक्क आहेत. प्रत परदेशातून मागवायची तर महिनाभर धरा. धोबीतलावच्या फुर्टाडोजमध्ये आधी विचारून बघा.

रेकॉर्डिंग (फेब्रुवारी)

प्राथमिक फेरी रेकॉर्डिंगवर होते. एकेक भाग सलग, कुठेही न कापता. ठाण्यात हेच सगळ्यात कठीण काम आहे.

आमची इमारत घोडबंदर रस्त्याच्या जवळ. दिवसा तिथे रेकॉर्डिंगचा विचारही नको. पहाटे वाहतूक थांबते तेव्हा सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो. वॉचमनना विचारलं, “काका, पंप किती वाजता लावता?” ते म्हणाले, “सव्वापाचला लावतो ताई, सहाच्या आत बंद. टाकी भरलेली असेल तर आधीच.” म्हणजे सहा ते पावणेसात, पहिली स्कूलबस येईपर्यंत. तेवढा वेळ मिळतो. फेब्रुवारी निवडायचं कारणही हेच: हवा कोरडी असते, पंखा बंद ठेवून वाजवता येतं आणि ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झालेला नसतो.

पंखा बंदच हवा. त्याची घरघर ऐकू येते हा एक भाग झाला, पण फिरत्या पात्यांवरून परतणारा आवाज लांब सुराला बारीक थरथर देतो. रेकॉर्डिंगमध्ये ती वादकाच्या ओठांची थरथर वाटते आणि परीक्षक ती वादकाच्याच नावावर लावतात. एसी आणि फ्रीजही बंद करा.

मोबाइलवर रेकॉर्ड करायचं असेल तर निदान आवाज आपोआप कमी-जास्त करणारी आणि गोंगाट गाळणारी सोय बंद करता येणारं ॲप घ्या. या सोयी बोलण्यासाठी बनवलेल्या असतात. क्लॅरिनेटचा स्थिर, मंद सूर त्यांना पंख्यासारखाच गोंगाट वाटतो आणि त्या तो खाऊन टाकतात. शून्यातून उमलणारा सूर हे या वाद्याचं वैशिष्ट्य, आणि मोबाइल नेमका तोच कापतो. छोटा स्टीरिओ रेकॉर्डर कुणाकडून मागून आणला तर हा प्रश्नच राहत नाही. रेकॉर्डरची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, आणि सगळ्यात जोरात वाजवल्यावर काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील इतकी पातळी ठेवा.

माइक बेलसमोर (वाद्याच्या खालच्या पसरट तोंडासमोर) धरायची सवय लग्नाच्या बँडमधून आली आहे. बेलमधून मुख्यतः सगळ्यात खालचे सूर येतात, बाकीचा आवाज उघड्या भोकांमधून बाहेर पडतो. माइक दीडेक मीटर उंचीवर, दोन मीटर लांब आणि जरा बाजूला ठेवला की सगळी सप्तकं सारखी ऐकू येतात. आपल्या खोल्या लादीच्या आणि प्लास्टरच्या, त्यामुळे वरचे सूर कर्कश परततात. मागच्या भिंतीला गादी उभी करा, जमिनीवर सतरंजी टाका. चारही भिंती मात्र झाकू नका, आवाज मरतो आणि वादक नकळत जोर लावायला लागतो.

पियानोची कृती रेकॉर्ड करायला मी नेरुळला जात होते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची थेट लोकल मिळते आणि साथीच्या बाईंकडे सुरात ठेवलेला पियानो होता. पियानो भाड्याने घेणार असाल तर तो आधीच्या आठवड्यात सुरात लावून घ्या आणि त्याचा ‘ए’ सूर किती हर्ट्झला लावला ते विचारा. ४३५ ला उतरलेला जुना पियानो असेल तर क्लॅरिनेटचे जोड इतके बाहेर ओढावे लागतात की त्याचे आपसातले सूरच बिघडतात.

फाइल पाठवताना नाव कुठेही दिसू नये. फेरी निनावी असते. फाइलच्या नावात, व्हिडिओच्या सुरुवातीला किंवा ज्या खात्यावरून दुवा दिला त्या खात्याच्या नावात आपलं नाव राहून गेलं तर प्रवेशिका बाद होऊ शकते.

निवड झाल्यावर: व्हिसा (एप्रिल ते जुलै)

एप्रिलमध्ये ई-मेल आला, पुढच्या फेरीला बोलावल्याचा. त्याच दिवशी आयोजकांना दोन गोष्टी मागा: व्हिसासाठी लेटरहेडवरचं सहीचं निमंत्रणपत्र, ज्यात पासपोर्टप्रमाणे नाव, स्पर्धेच्या तारखा, जागा आणि कोणता खर्च कोण करणार हे असेल, आणि तिथल्या पियानोचा सूर किती हर्ट्झचा आहे याचं उत्तर. युरोपात ४४२ सर्रास चालतं, काही ठिकाणी ४४० असतं.

आयर्लंड शेंगेनमध्ये नाही. बऱ्याच युरोपीय देशांत चालणारा शेंगेन व्हिसा असला तरी तो तिथे उपयोगाचा नाही, आयर्लंडचा वेगळाच घ्यावा लागतो. अर्ज अव्हॅट्स या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, शेवटी येणारा सारांश छापायचा, सही करायची आणि बाकीच्या कागदांसोबत मुंबईतल्या व्हिसा अर्ज केंद्रात द्यायचा. तिथून तो दिल्लीला जातो. ऑनलाइन अर्ज केल्यापासून ३० दिवसांत कागद द्यावे लागतात. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपर्यंतच अर्ज करता येतो आणि निर्णयाला साधारण आठ आठवडे लागू शकतात. ही दोन गणितं एकत्र मांडली की कळतं, सोयीची फट महिन्याभराचीच आहे. जुलैअखेरच्या महोत्सवासाठी मेच्या पहिल्या आठवड्यात फाइल गेली पाहिजे.

एकदाच प्रवेशाच्या व्हिसाचं शुल्क ६० युरो, ते रुपयांत भरतात, केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. प्रवासाचं कारण निवडताना ‘पर्यटन’वर बोट ठेवू नका. सादरीकरण आणि स्पर्धा असा वेगळा प्रकार तिथे आहे. निमंत्रणपत्र स्पर्धेचं आणि अर्ज पर्यटनाचा, असं झालं तर शंका येणारच.

कागद असे लागतात. स्वतःच्या सहीचं अर्जपत्र: का जायचं, कधी, कुठे राहणार, खर्च कोण करणार, परत का येणार, तिथे किंवा युरोपीय संघात कुणी नातेवाईक आहे का. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, बँकेच्या शिक्क्यासह. नेटवरून छापलेलं नुसतं चालत नाही, शाखेत जाऊन शिक्का-सही घ्यावी लागते आणि त्यासाठी सकाळ मोडते. खात्यात मध्येच मोठी रक्कम जमा झालेली दिसली तर ती कुठून आली याचा खुलासा जोडा. आई-वडिलांनी तिकिटासाठी पैसे टाकले असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट द्या. प्राप्तिकर विवरणपत्र, कॉलेजचं बोनाफाइड किंवा नोकरीच्या ठिकाणचं रजेचं पत्र, राहण्याचं बुकिंग, प्रवास विमा, जुने पासपोर्ट. मराठीतल्या कागदाचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. संगीत विद्यालयाचं प्रमाणपत्र मराठीत असेल तर त्याचंही. दोन फोटो सहा महिन्यांच्या आतले, मागे सही आणि अर्ज क्रमांक.

निर्णय येईपर्यंत तिकीट काढू नका, असं व्हिसा कार्यालयाचीच सूचना म्हणते. राहण्याचं बुकिंग मात्र दाखवावं लागतं, म्हणून रद्द करता येणारं घ्या. डब्लिनमध्ये उन्हाळ्यात हॉटेलं फार महाग असतात. ट्रिनिटी कॉलेज आणि युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिन सुट्टीत विद्यार्थ्यांच्या खोल्या भाड्याने देतात, त्या परवडतात आणि त्यात स्वयंपाकघरही मिळू शकतं.

वाट पाहण्याचे हे आठवडे त्रासाचे असतात. पासपोर्ट दिल्लीला, तिकिटाचा दर रोज वर, आणि रियाज तर चुकवता येत नाही. जूनच्या शेवटी पासपोर्ट हातात आला तेव्हा तिकीट ऐंशी हजारांच्या घरात गेलं होतं. मार्ग निवडताना दुबई, अबू धाबी किंवा दोहा घ्या. लंडनमध्ये किंवा युरोपातल्या काही विमानतळांवर नुसतं विमान बदलायलाही भारतीय पासपोर्टला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो.

वाद्य आणि हवा (जून, जुलै)

मला विचाराल तर सगळ्यात जास्त लक्ष इथे द्यायला हवं, आणि यावर आपल्याकडे कुणी फारसं बोलत नाही.

चांगलं क्लॅरिनेट ग्रेनाडिला या आफ्रिकी लाकडाचं असतं. लाकूड दमट हवेत फुगतं. जुलैत ठाण्याची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असते, तेव्हा दोन जॉइंट (नळीचे सुटे होणारे भाग) एकमेकांत रुतून बसतात. जोर लावून पिळायचं नाही, चाव्या वाकतात. एसीच्या खोलीत काही तास ठेवलं की सुटतात. वारंवार होत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याकडून टेनन (जॉइंटचं दुसऱ्यात बसणारं टोक) किंचित घासून घ्या, पण हे जाण्याच्या तोंडावर नको. तिकडे लाकूड आकसलं की तोच जॉइंट सैल होतो. तेवढ्यासाठी कॉर्कवर गुंडाळायला टेफ्लॉन टेप जवळ ठेवा.

विमानाच्या केबिनमधली आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली जाते. ८५ वरून थेट २० वर गेलेलं लाकूड तडकू शकतं, आणि तडा बहुतेकदा वरच्या जॉइंटला, ट्रिलच्या चाव्यांच्या भोकांजवळ जातो. पेटीत सिलिका जेल टाकायची आपली पावसाळी सवय इथे उलटी पडते, कारण ते ओलावा ओढतच राहतं. ओलावा घेणारी आणि देणारीही दुहेरी पाकिटं मिळतात, लाकडासाठी ४९ टक्क्यांची. निघण्याआधी दोन आठवडे पेटीत एक टाकून पेटी बंद ठेवा. पोचल्यावर लगेच तासभर वाजवू नका. पहिल्या दिवशी दहा-पंधरा मिनिटं, मग पुसून ठेवायचं.

सुराचा हिशेब असा. हवा एक अंश तापली की त्यातून जाणारा आवाज थोडा वेगाने जातो आणि नळीचा सूर सुमारे ३ सेंट चढतो. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. मे महिन्यात ठाण्यात ३३-३४ अंशांत रियाज करताना क्लॅरिनेट चढलेलंच असतं, आणि हात आपोआप बॅरल (माऊथपीसखालचा आखूड जोड, तो बाहेर ओढला की सूर उतरतो) दोन मिलिमीटर ओढून ठेवतो. डब्लिनमध्ये ऑगस्टला दुपारी १९-२० अंश. फुंकरीने नळी तापते, त्यामुळे प्रत्यक्षात फरक गणितापेक्षा कमी पडतो, पण सूर उतरतो हे नक्की. बॅरल पूर्ण आत ढकलूनही उतरलेलाच राहिला तर करण्यासारखं काही उरत नाही. म्हणून एक-दोन आखूड बॅरल न्या. वाद्याबरोबर ६६ मिलिमीटरचं आलं असेल तर ६५ आणि ६४. आणि जून-जुलैत एसी २० वर लावून, पियानोच्या ४४२ ला जुळवून निदान काही रियाज त्याच बॅरलवर करा. ओठांची ठेवण उतरलेल्या सुराला वर उचलायला शिकते, पण त्याला दिवस लागतात.

बॅरल ओढल्याने सगळे सूर सारखे उतरत नाहीत, हेही लक्षात असू द्या. मधले, ‘गळ्याचे सूर’ म्हणतात ते जी-ए-बी फ्लॅट सगळ्यात जास्त उतरतात, कारण तेव्हा नळीची लांबी कमी असते. खालचे त्या मानाने कमी.

रीडचं दुखणं याहून नाजूक. एका खोक्यात दहा असतात, त्यातल्या रंगमंचावर नेण्याजोग्या तीन-चार निघाल्या तर नशीब. नवी रीड पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग रोज थोडी वाढवत. मागे पेन्सिलने क्रमांक आणि तारीख टाकून पाळीपाळीने वाजवा. पावसाळ्यात ठाण्यात निवडलेली ‘उत्तम’ रीड डब्लिनला पहिल्या दिवशी कोरडी, कडक आणि टोकाला लाटा आलेली असते. ती फेकू नका, सपाट काचेवर भिजवून ठेवा आणि दोन दिवस थांबा. मी साडेतीन नंबरच्या बरोबर तीन नंबरच्याही भरल्या होत्या, आणि दोन्ही लागल्या. एक कृत्रिम रीड राखीव ठेवली तर निदान वाजवायचं अडत नाही.

विमानतळ

क्लॅरिनेट सुटं करून पेटीत बसतं, तेव्हा ते केबिनमध्येच न्या. रीड घासायची सुरी आणि छोटा स्क्रूड्रायव्हर मात्र चेक-इनच्या बॅगेत, नाहीतर सुरक्षेत काढून घेतात. पेटी उघडायला लावतात. जॉइंट स्वतःच्या हाताने दाखवा.

ग्रेनाडिला डाल्बर्जिया प्रजातीतलं, आणि २०१७ पासून ती प्रजाती साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) यादीत आहे. त्यामुळे परवाना लागतो अशी भीती अजून घातली जाते. २०१९ च्या नोव्हेंबरपासून तयार वाद्यांना त्यातून सूट आहे.

जाताना कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या. वाद्याचा अनुक्रमांक, फोटो आणि खरेदीचं बिल दाखवलं की ते देतात, आणि परतताना ‘हे तिकडून विकत आणलं का?’ हा प्रश्न मिटतो. ते काउंटर शोधण्यात वेळ जातो, तासभर आधी पोचा. विम्यात एका वस्तूमागे किती भरपाई आहे तेही पाहा, वाद्याच्या किमतीपुढे ती रक्कम बहुधा किरकोळ असते.

डब्लिन

महोत्सव आरडीएसमध्ये (रॉयल डब्लिन सोसायटीच्या आवारात) होता, बॉल्सब्रिज भागात. डार्टचं, म्हणजे तिथल्या लोकल गाडीचं, लॅन्सडाउन रोड स्थानक जवळ पडतं. विमानतळावरच लीप कार्ड, म्हणजे प्रवासाचं कार्ड, घ्या. दोन युरोत ९० मिनिटं बस, ट्राम आणि डार्ट बदलता येतात. प्लग तीन चौकोनी पिनांचा, अडॅप्टर इथूनच न्या.

साथीच्या पियानोवादकाबरोबर तालीम एकच आणि छोटी मिळते. त्यात पूर्ण कृती वाजवत बसू नका. लय बदलते ती ठिकाणं, श्वास घेऊन एकत्र सुरू करायच्या जागा आणि शेवट, एवढंच. कॉन्चेर्तोतले ऑर्केस्ट्राचे लांब भाग स्पर्धेत कापतात. कुठून कुठे कापलं ते पियानोच्या प्रतीवर पेन्सिलने खूण करून आठवडाभर आधी पाठवा.

फेरीच्या दिवशी नाव नोंदवायचं, क्रमांक घ्यायचा, सरावाच्या खोलीत थोडा वेळ, मग दालनाबाहेर थांबायचं. बिघडतं ते इथेच. सरावाच्या खोलीत वाद्य तापतं, बाहेरच्या गार वऱ्हांड्यात उभं राहिलं की निवतं. बॅरल आणि वरचा जॉइंट काखेत धरून ठेवा, सगळेच तसे उभे असतात. गार लाकडावर फुंकरीची वाफ जमून पाणी होतं, ते भोकात उतरलं की सूर गुळगुळ करतो. खिशात पुसायचं फडकं आणि पॅडखाली (भोक झाकणाऱ्या चावीच्या गादीखाली) ठेवायला सिगारेटचा पातळ कागद असावा. दोन भागांच्या मध्ये पुसून घेण्याला कुणी हरकत घेत नाही. परीक्षकांनी मध्येच थांबवून ‘धन्यवाद’ म्हटलं तर घाबरू नका, वेळापत्रकासाठी थांबवतात. मी अंतिम फेरीत गेले नाही. परीक्षकांच्या शेऱ्यांत श्वासाच्या खुणांबद्दल आणि गळ्याच्या सुरांबद्दल लिहिलं होतं.

बाकीचे दिवस ऐकण्याचे. सकाळपासून रात्रीपर्यंत वेगवेगळ्या दालनांत एकाच वेळी कार्यक्रम चालतात: एकल वादन, समकालीन रचना, शोधनिबंध, बास क्लॅरिनेट, क्लॅरिनेटवृंद, संध्याकाळी मोठी मैफल. आदल्या रात्री वेळापत्रकावर खुणा करा आणि दिवसाला चार-पाचच निवडा. त्याहून जास्त ऐकलं की कान बधिर होतो आणि सगळी क्लॅरिनेटं एकसारखी वाटायला लागतात. उशीर झाला तर दोन कृतींच्या मध्येच आत जायचं. नामांकित वादकांच्या मैफलीपेक्षा एखाद्या छोट्या खोलीत कुणी रीड कशी घासायची हे दाखवत असेल तर तिथे बसा, असं माझं मत. मैफली ध्वनिमुद्रणात मिळतात, ती खोली मिळत नाही.

भारतातून आलेल्याला एक प्रश्न हमखास विचारतात: तुमच्याकडे क्लॅरिनेट आहे? २०२२ मध्ये पद्मश्री मिळालेले ए. के. सी. नटराजन कर्नाटक संगीत याच वाद्यावर वाजवण्यासाठी ओळखले जातात, हे सांगितलं की लोक वही काढून नाव लिहून घेतात. लग्नाच्या बँडबद्दलही सांगा, त्यात कमीपणा काही नाही.

प्रदर्शनाच्या दालनात बुफे, सेल्मर, यामाहा, बॅकन, व्हँडोरेन अशा वाद्यं आणि रीड बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांची टेबलं असतात आणि पन्नास जण एकदम वाजवत असतात. तिथे माऊथपीस निवडणं अशक्य. आपली रीड, आपलं बॅरल आणि ट्यूनर घेऊन सकाळी दालन उघडताच जा, आणि वाद्य शांत खोलीत नेऊन वाजवता येईल का ते विचारा. बरेच जण देतात. एका वेळी एकच गोष्ट बदला, माऊथपीस आणि लिगेचर (रीड माऊथपीसवर घट्ट धरणारी पट्टी) दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. बिल जपून ठेवा, व्हॅटचा परतावा मागता येतो. २०२४ च्या नियमाप्रमाणे परतताना ५०,००० रुपयांपर्यंतच्या नव्या सामानाला शुल्क नव्हतं.

परत आल्यावर

ऑगस्टचा पाऊस चालूच असतो. वाद्य पुन्हा फुगतं, तेव्हा पहिले काही दिवस वाजवून झाल्यावर जॉइंट सुटे करून ठेवा आणि पॅडखाली कागद घालून ओल टिपा, नाहीतर ते चिकटतात. टेफ्लॉन टेप काढून टाका.

खर्च तिकीट, खोली, व्हिसा, शुल्कं, रीड आणि खाणं मिळून दोन लाखांच्या आसपास गेला. त्यात कमी करता येण्यासारखी जागा खोलीत आणि जेवणात आहे. विद्यार्थी असाल तर सभासदत्वात सवलत मिळते. स्पर्धा न देता नुसतं ऐकायला जायचं असेल तर एका दिवसाचा पास मिळतो का ते पाहा. रीडच्या खर्चाला मात्र हात लावू नका, एक खोकं जास्तच न्या.